फळीवरचं कर्नाळ्याचं वळण

या, अशा जवळ सरकून बसा जरा. लांबून वाचू नका... आणि आधी माझी दोन बोलणी खाऊन घ्या. तुम्ही मंडळी हे असले अनुभव जेवताना वाचता. एका हातात घास, एका हातात मासिक. वाचून झालं की ताटातच हात धुता आणि म्हणता, "छ्या, म्हातारीनं बनवलंय." बनवलंय खरं! पण गोष्ट नव्हे. मी अपघात बनवला होता, दीड हाताच्या फळीवर, या दोन हातांनी.

असल्या गोष्टींवर माझा कधी विश्वास नव्हता. मी पेणची. आमच्या आळीत गणपतीचे कारखाने. ज्याच्यापुढे अख्खं गाव हात जोडतं, त्याला मी डोळ्यांशिवाय, सोंडेशिवाय, पोत्यावर वाळत पडलेला बघितलाय. त्यामुळे माती ती माती आणि प्लास्टर ते प्लास्टर. भुतंखेतं म्हणजे रिकामटेकड्यांचे उद्योग, हे माझं ठाम मत.

शाळा सातवीपर्यंत. बाकी सगळं कारखान्याच्या दारात उभं राहून शिकले, कुणी हाताला धरून शिकवलं नाही. लग्न होऊन पनवेलला आले आणि लोकांना रुखवत करून द्यायला लागले. साखरेचं तुळशीवृंदावन, सुपारीचे भटजी, रहाटाची विहीर, नवरानवरीच्या बाहुल्या. वस्तू घराबाहेर पडताना मी तिला हळदीकुंकवाचं बोट लावायची, आणि नवरीच्या बाहुलीला म्हणायची, "सुखानं नांद गं बाई." इतक्या वर्षांची सवय... हात आणि तोंड आपोआप चालायचं. ही सवय तेवढी लक्षात ठेवा.

नव्वदीची सुरुवात. एक्सप्रेस हायवे अजून व्हायचा होता. आम्ही खांदा कॉलनीत तळमजल्यावर, आणि आमच्या डोक्यावरच्या खोल्यांत माझे धाकटे दीर, विनूभावजी. त्यांची बायको शोभा, म्हणजे माझी जाऊ, आणि त्यांची चार वर्षांची मुग्धा. आमच्या मागच्या अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे माझं काम चालायचं. शेडला एकच दार, दाराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला.

खरं सांगते, माझं आणि शोभाचं पटायचं नाही. ती अलिबागची, तोंडानं फटकळ. एकदा चार बायकांत म्हणाली, "आमच्या मोठ्या वहिनी म्हणजे बाहुल्यांची आई." मला मूल नाही. ते वाक्य मी गिळलं, पण पचलं नाही. मुग्धा मात्र दिवसभर माझ्याकडे. मला "मोठीआई" म्हणायची. शोभाला ते खुपायचं आणि मला त्याचा... जाऊ द्या, आनंदच व्हायचा.

त्या साली होळीच्या आसपास शोभा आणि भावजी त्यांच्या पांढऱ्या फियाटमधून अलिबागला निघाले. मुग्धा माझ्याकडे राहिली. तासाभरात कर्नाळ्याच्या वळणावर गाडी झाडावर आदळली. झाड डावीकडे, शोभा डावीकडे. ती जागीच गेली. भावजींचा हात मोडला.

भावजींनी सांगितलं, समोरून ट्रक आला, आमच्या बाजूला घुसला. मी ब्रेक मारला, गाडी डावीकडे घेतली. ट्रक पळून गेला. बघणारं कुणी नव्हतं. शोभाचा भाऊ सुरेश म्हणाला, "ट्रक नव्हताच. माझ्या बहिणीला तुम्ही मारलंत. पोर मी नेणार."

तेरावं झाल्यावर एकदा येऊन त्यानं शोभाची ट्रंक उचलली आणि अलिबागला नेली. जाताना दारात थांबून म्हणाला, "आज ट्रंक नेतोय, पुढच्या खेपेला भाची."

असेच महिने गेले. दोन्हीकडून चिठ्ठ्या, शिव्या, वकील. शेवटी भावजींच्या वकिलानं सुचवलं, कोर्टात जायच्या आधी दोन्ही घरं समोरासमोर बसा. कागदावरचा नकाशा कुणाला कळत नाही, डोळ्यांना दिसेल असं काहीतरी मांडा. भावजी माझ्याकडे आले.

"वहिनी, तुम्ही करा. हुबेहूब करा. सुरेशच्या आईला पटलं की सुरेश गप्प बसेल. मुग्धा इथेच राहील... तुमच्यापाशी."

शेवटचा शब्द त्यांनी मुद्दाम सावकाश उच्चारला. मी हो म्हटलं.

फळीवर थर्माकोल कापून डोंगराचा उतार केला, वर प्लास्टर. रस्त्याला सुताराचा काळा पॉलिश पेपर चिकटवला, डांबर अगदी तसंच दिसतं. चहाचा चोथा वाळवून कडेची माती. तांब्याच्या तारा पिळून झाड. पनवेलच्या बाजारातून खेळण्यातली पांढरी मोटार आणि एक ट्रक आणला. मोटारीची डावी बाजू बत्त्यानं ठेचली. पेन्सिलीच्या शिशानं रस्त्यावर ब्रेकच्या काळ्या रेघा ओढल्या. मग बाहुल्या. शोभाच्या बाहुलीला तिचीच साडी नेसवली. भावजींच्या कपाटात तिची एक पिवळी साडी राहिली होती, तिच्या पदराचा कोपरा मी बोटभर कापला. कापसाच्या बाहुलीला मानेपासून कमरेपर्यंत तार घालून नीट समोर बघणारी बसवली.

झालं काम. आणि हात आपोआप करंड्याकडे गेला. शोभा सवाष्ण गेली, कुंकू लावलं त्यात गैर काही नाही. पण तोंडही चाललं...

"सुखानं नांद गं बाई."

म्हटलं आणि जीभ चावली. दुपारचे दोन वाजले होते, बाहेर लख्ख ऊन. शेडमध्ये सुरंगीच्या गजऱ्याचा वास आला. शोभा माळायची तो. सुरंगी फुलते उन्हाळ्याच्या तोंडाला, आणि हा श्रावण.

दुसऱ्या दिवशी कुलूप काढलं तर ट्रक जमिनीवर, दाराशी. रस्त्यावरच्या ब्रेकच्या रेघा गायब. म्हटलं उंदीर. पिंजरा लावला, सरस कढवून ट्रक चिकटवला, रेघा पुन्हा ओढल्या. तिसऱ्या दिवशी ट्रक पाण्याच्या बादलीत. रेघा नाहीत. पिंजऱ्यातली भजी तशीच.

मग मला राग आला. भीती नव्हे हो, राग! मी फळीसमोर उभी राहून म्हटलं, "शोभा, जिवंतपणी मला बोलून घेतलंस, आता मेल्यावर तरी गप्प बस. पोरीचं भलं होऊ दे." आणि ट्रक उचलायला गेले तर त्याच्या पत्र्यानं तळहात असा चिरला की पदर भिजला. गुळगुळीत खेळणं ते! त्याला धार कुठून आली?

उरणहून रखमा कोळीण यायची मासे घेऊन. ती मागच्या दारानं आली, हाताला पट्टी दिसली म्हणून शेडमध्ये डोकावली. फळीकडे बघत राहिली.

"वैनी, ही बाय तुज्याकडं का बघते गं? गाडीत हाय तर समोर बघाय पायजे ना तिनं."

मी वळून बघितलं. बाहुलीची मान डावीकडे फिरलेली. मी जिथे बसायचे त्या स्टुलाकडे.

"तार सैल झाली असेल," मी म्हटलं.

"तार नाय सैल," रखमा टोपली उचलत म्हणाली. "तुजं कायतरी सैल हाय. बांगडे ठेवू का नको?"

आता ती गोष्ट सांगते, जी तोवर मी कुणाला सांगितली नव्हती. गाडी निघाली त्या सकाळी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. भावजी आणि शोभा वरून भांडतच उतरले. गाडीत बसल्यावरही ती काहीतरी बोलली. भावजी म्हणाले, "आणखी एक शब्द काढलास तर सरळ झाडावर घालीन गाडी." मी ऐकलं. पोलिसांनी घरी येऊन विचारलं, निघताना काही वाद? मी म्हटलं, "नाही हो, हसतखेळत गेले." का म्हटलं? घरातलं माणूस होतं म्हणून. आणि मुग्धा माझ्या मांडीवर झोपली होती म्हणून.

बैठक रविवारी सकाळी दहाला. आदल्या दिवशी मी ट्रकला फळीच्या खालून दोन स्क्रू मारले. ब्रेकच्या रेघा ऑइलपेंटनं ओढल्या, आता पूस म्हटलं! बाहुलीची मान सरळ केली. सकाळी ह्यांना, म्हणजे आमच्या घरच्यांना, सोबत घेऊन कुलूप काढलं. सगळं जागेवर. ह्यांनी ट्रक हलवूनही बघितला, म्हणाले, "आता भूकंप झाला तरी हलायचा नाही." वर पांढरा पंचा टाकला आणि आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरून फळी बाहेरच्या खोलीत आणली. वीस पावलं असतील.

सुरेश आणि त्याची आई आले होते. पाणीसुद्धा घेतलं नाही. भावजींनी ट्रक कसा आला ते सांगायला सुरुवात केली आणि पंचा उचलला.

ट्रक नव्हता. दोन स्क्रू टोकं वर करून उघडे उभे. काळा पॉलिश पेपर कोरा करकरीत, आज दुकानातून आणल्यासारखा. रिकामा रस्ता, सरळ झाडावर गेलेली गाडी, आणि बाहुली... मान वळवून माझ्याकडे बघत. खोलीत सुरंगीचा वास इतका की सुरेशची आई उठून उभी राहिली.

"माझी शोभी आली होय रे?" ती म्हणाली.

भावजींचा चेहरा काळाठिक्कर. "वहिनी, ट्रक कुठाय? कसला डाव साधताय? कुणाला फितलात?"

"अहो, आत्ता मी हातानं हलवून..." हे पुटपुटले.

भावजी माझ्या कानाशी वाकले. "आणताना पडला म्हणून सांगा. मुग्धा पाहिजे ना तुम्हाला?"

पाहिजे होती हो. आतल्या खोलीत ती माझ्या जुन्या बाहुल्या मांडून खेळत होती, "मोठीआई, हिला भूक लागली," म्हणून हाका मारत होती. एक वाक्य बोलायचं होतं... पडला वाटेत. ह्यांनीसुद्धा मान हलवली असती.

मी म्हटलं, "ट्रक नव्हता. भावजी निघताना काय म्हणाले ते मी ऐकलंय."

आणि शब्द न् शब्द सांगितला.

सुरेशच्या आईनं माझ्याकडे बघून सांगितलं, "इतके महिने ऐकून ठेवलंस? तूही त्यातलीच." तेही खरंच. संध्याकाळच्या आत मुग्धा अलिबागला गेली. रिक्षात बसताना माझा पदर सोडत नव्हती, सुरेशनं एकेक बोट सोडवलं. ह्यांनी चार दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. भावजींनी मरेपर्यंत माझ्याशी शब्द काढला नाही. केस रखडली, पुढे मिटली. कशी ते मला कुणी सांगितलं नाही.

दिवाळीनंतर सुरेशचं कार्ड आलं. 'आईनं शोभाची ट्रंक आज पहिल्यांदा उघडली. वर एका पिवळ्या साडीच्या घडीत खेळण्यातला ट्रक निघाला. मुग्धाचा आहे का? ती नाही म्हणते.'

ती ट्रंक बैठकीच्या कितीतरी आधीपासून अलिबागला होती, कुलूपबंद. पिवळी साडी इथे, भावजींच्या कपाटात होती. मी धावत वर गेले, भावजींनी दार उघडलं नाही, पण त्यांच्या मोलकरणीनं कपाट बघून सांगितलं, पिवळी साडी नाहीये. मी उलट टपाली विचारलं, पदराचा कोपरा कापलेला आहे का? उत्तर आलं, 'साडी अख्खी आहे. नीट तपासली.'

आणि मी कापलेला तुकडा? तो बाहुलीच्या अंगावर, आजही.

उंदीर म्हणा, माझा म्हातारचळ म्हणा... तेव्हा मी चाळिशीत होते, आणि फळी ह्यांनीही धरली होती. हे जाईपर्यंत विचारत राहिले, "वीस पावलांत गेला कुठे गं तो?"

फळी शेडमध्येच आहे. टाकवत नाही, जाळवत नाही. नांद म्हटलंय ना मी तिला. इतकी वर्षं तिची मान माझ्याकडेच, मीही नजर चुकवून झाडून घ्यायची. गेल्या महिन्यात कुलूप काढलं तर बाहुली गाडीत नव्हती. रस्त्याच्या कडेला, चहाच्या चोथ्यावर उभी. कापसाची बाहुली, पायांत तार नाही, तिला उभं राहताच येत नाही. आणि माझ्याकडे बघत नव्हती. अलिबागच्या दिशेला तोंड करून, कुणाची तरी वाट बघावी तशी उभी होती.

मुग्धा, तुझ्या मामींकडे हे मासिक येतं, मला माहीत आहे. तुला आता तुझीच लेक आहे म्हणे. मी तुला तेव्हा गमावलं ते बोलल्यामुळे नाही गं, आधी गप्प राहिल्यामुळे. तुझ्या आईला 'जा' म्हणायचा हक्क मला नाही, तुला आहे. उचलून घेऊन जा तिला. माझ्या हाताला ती येत नाही.

घावन घालीन, नारळाचा रस करीन, तुला आवडायचा तसा. किल्ली अजून माझ्या कमरेलाच आहे. फार दिवस लावू नकोस, बाळा... ये.