येतानाचा आवाज

नाना मला पहिल्यांदा भेटले ते बंद दारातून. जळगावला या फ्लॅटमध्ये राहायला येऊन मला चारआठ दिवसच झाले होते. दुपारी गाडी लावून जिना चढून वर आले, किल्ली शोधत होते, तेवढ्यात समोरच्या दाराआडून एक घोगरा आवाज आला, "ताई, तुमनी गाडी मांगला डावा पायवर लंगडस." मी दचकले. दाराला बाहेरून भलंमोठं कुलूप. मी म्हटलं, आत कोण आहे? तर आतून शांतपणे उत्तर आलं, "मी शे. एस.टी.ना डायवर. रिटायर."

पुढचं वर्षभर आमचं बोलणं बहुतेक असंच, दाराच्या अलीकडून आणि पलीकडून झालं.

त्या कुलपाची हकिगत नंतर त्यांच्या मुलाने, योगेशने सांगितली. योगेश एमआयडीसीत कामाला, बायको शाळेत. दोघं सकाळी बाहेर पडत ते संध्याकाळी येत. नानांना चक्कर यायची. एकदा ते कोणाला न सांगता स्टँडवर गेले आणि तिथेच फलाटावर पडले, डोक्याला खोक पडली. तेव्हापासून योगेशने धसका घेतला. "ताई, ही एक चावी तुमच्याकडे असू द्या," तो म्हणाला, "आग लागली, काही झालं तर. पण उगाच उघडू नका. निघून जातात." मुलगा वाईट नव्हता हो. औषधं वेळेवर, फळं, टीव्ही, सगळं होतं. फक्त दार बंद होतं.

आणि ती चावी माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला. म्हणजे सकाळी चहा करताना मी ती बघायची आणि पलीकडे नाना खोकताना, कधी आतून दार खटखटवताना ऐकायची. आमच्या गॅलऱ्या शेजारी शेजारी होत्या, दोन्हींना लोखंडी जाळ्या. मी जाळीतून चहाचा कप द्यायची. सरळ धरला तर कप अडायचा, म्हणून नाना चहा बशीत ओतायला लावायचे आणि बशी आडवीच धरून फटीतून आत घ्यायचे. एक थेंब सांडायचे नाहीत. "गाडी घाटमां वळाडतस तशी," म्हणायचे. मला हसू यायचं आणि मग रागही यायचा. कोणावर, ते कळायचं नाही.

आता माझ्या गाडीचं दुखणं. मी लोणच्यांचा धंदा करते. दर बुधवारी गाडीत बरण्या भरून धुळ्याला जाते, दुकानांत उतरवते आणि परत येते. तर त्या वर्षी गाडी मागून आवाज करायला लागली. गतिरोधक आला, खड्डा आला की ठक्. गंमत अशी की जाताना गाडी गप्प, येताना धुळं सोडल्यापासून जी सुरू व्हायची ती घरापर्यंत. ठक्, ठक्. बाईमाणूस एकटी हायवेवर, उद्या चाक निघून पुढे धावलं तर करायचं काय? जळगावच्या मेकॅनिकने शॉकअप बदलले. धुळ्याच्याने चाकं काढून परत लावली. दोघांनीही मदतनिसाला घेऊन, माझ्या बाजूला बसून चक्कर मारली, आणि मेला आवाज बरोबर त्याच वेळी गायब. शेवटी एक जण मला म्हणाला, "मॅडम, रस्त्याची ती बाजूच खराब आहे." जाण्याची बाजू चांगली आणि येण्याची खराब. खरं सांगायचं तर मला पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचत नसल्याने मीही तेच म्हणायला लागले होते.

नानांचं मत पक्कं होतं. "कमानपाटा मोडेल शे." मी तसं मेकॅनिकला जाऊन सांगितलं, तर तो पोट धरून हसला. "कमानपाटे एस.टी.ला असतात, मॅडम. तुमच्या गाडीला स्प्रिंग आहे." मी घरी येऊन दाराशी उभं राहून नानांना हे सांगितलं. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला कोणी हसलं, हे त्यांना लागलं होतं. मग म्हणाले, "माले गाडीमां बसाड. आठून, दारआडून काय कये?"

मी योगेशला गाठलं. गावातल्या गावात, तासाभरात परत, हात सोडायचा नाही, या अटींवर त्याने रविवारची परवानगी दिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा ते कुलूप काढलं. नाना टोपी, खाकी पँट घालून दाराशीच खुर्ची टाकून बसले होते. जिना उतरताना त्यांनी कठड्याला हातसुद्धा लावला नाही, आणि माझा जीव टांगणीला.

मागच्या सीटवर बसले, कान दाराला लावला. नशिराबादच्या बाजूला जाऊन आलो, वाटेतले सगळे खड्डे मी मुद्दाम घेतले. आवाज नाही. मला रडू यायचं बाकी राहिलं होतं. म्हटलं, "बघा, कोणी ऐकायला बसलं की हा असाच मुका होतो."

घराजवळ आल्यावर नानांनी विचारलं, "धुळ्याले जातांना गाडी भरेल ऱ्हास का रिकामी?"

"भरलेली. बरण्या असतात."

"आणि येतांना?"

मी ब्रेकच मारला. येताना रिकामी. मागे वजन असलं की गप्प, नसलं की ठक्. बाजूला बसून चक्कर मारणाऱ्या मेकॅनिकचे मदतनीस मागे बसलेले असायचे, आणि मी त्या मुक्या रस्त्याला नावं ठेवत होते. नाना उतरून माझ्या शेजारी पुढे बसले. पहिल्याच गतिरोधकावर ठक्. नानांनी डोळे मिटून मान हलवली, जणू कोणी जुना ओळखीचा भेटला. "वरला रबरी बुश खायेल शे. डावा," म्हणाले. त्या संध्याकाळी ते इतके खूश होते की योगेशची बायकोही मला म्हणाली, बरं झालं नेलंत.

खरं तर दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला टाकायची. पण नाना म्हणाले, थांब, खात्री करू. पुढच्या रविवारी पुन्हा चक्कर. मग म्हणाले, गावात काय कळतं, लांबचा रस्ता पाहिजे. मी म्हटलं कुठला? तर लगेच, विचार न करता, "शिरपूर."

शिरपूरला त्यांची मोठी बहीण होती. आई लवकर गेली तेव्हा या अक्काने नानांना वाढवलं होतं. आता ती अंथरुणाला खिळलेली, आणि कानाने ठार बहिरी, त्यामुळे फोनचाही उपयोग नाही. नाना योगेशला सारखं म्हणत, एकदा ने. योगेश म्हणे, ऊन उतरलं की नेतो. ऊन उतरलं की पाऊस, पाऊस गेला की शिफ्ट. हे सगळं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं होतं. म्हणून मी हसत म्हटलं, "नाना, आवाज ऐकायला शिरपूर कशाला लागतं?"

नाना हसले नाहीत. जाळी दोन्ही हातांनी धरून म्हणाले, "आवाज तं मांगेच सापडी गया, ताई. माले अक्काले भेटनं शे. ती चालनी जाई, आणि मी आठे टीव्ही देखत बसेल राहसू."

मी योगेशशी बोलले. तो चिडला नाही, घाबरला. "वाटेत काही झालं तर, ताई? तुम्ही जबाबदारी घ्याल?" त्याचं चुकत नव्हतं, हेच तर अवघड होतं. दोन-तीन दिवस माझं कामात लक्ष लागेना. मीठ विसरले, एक घाणा फुकट गेला. मग एका सकाळी दोघं कामाला गेल्यावर मी खिळ्यावरची चावी काढली. शिरपूरच्या एका दुकानासाठी बरण्या भरल्या, नानांच्या गोळ्या पर्समध्ये टाकल्या, आणि निघालो.

धरणगाव गेलं. नाना एकेक थांबा नावाने सांगत होते, कुठे चहा चांगला, कुठे वळण फसवं. अमळनेरच्या अलीकडे ते बोलायचे थांबले, मान एका बाजूला कलली. गाडी कडेला घेतली, हाका मारल्या. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "झोप लागी गई. किती दिनमां गाडीमां झोप लागनी." मी पाणी प्यायले, अमळनेरला थांबून योगेशला फोन केला. "नाना माझ्यासोबत आहेत. शिरपूरला चाललोय." तो एवढंच म्हणाला, "तुमच्यावर विश्वास ठेवला होता मी."

ते मनात घेऊनच मी तापीचा पूल ओलांडला.

अक्का ओसरीतल्या खाटेवर होत्या. त्यांच्या सुनेने, म्हणजे नानांच्या भाचेसुनेने, त्यांना हाताने खूण करून सांगितलं, कोण आलंय बघा. अक्कांनी नानांचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. टोपी काढली, डोक्यावरच्या खोकेच्या व्रणावर बोट फिरवलं. "इतला दिन कोठे व्हता रे?" म्हणाल्या. नाना काय सांगणार, आणि सांगितलं तरी ऐकू कोणाला येणार? ते खाटेच्या कडेला बसून लहान मुलासारखे रडले. मीही रडले, उगीच कशाला लपवू.

उन्हं कलल्यावर मी म्हटलं, नाना, निघायला हवं. ते खाटेवरून उठले नाहीत. "तुमी जा, ताई. मी आते आठेच ऱ्हासू." मी भाचेसुनेकडे पाहिलं. ती म्हणाली, "राहू द्या की. दोघांचं मिळून एकदाच करीन." नाना हट्ट करत नव्हते, ओरडत नव्हते. नुसते बसले होते, आणि त्या बसण्यापुढे माझं काही चालेना. गोळ्या भाचेसुनेच्या हातात दिल्या, कुठली कधी ते समजावलं आणि दुकानात बरण्या उतरवून रिकामी गाडी घेऊन परत फिरले. येताना ठक्, ठक्, सबंध रस्ताभर. पुढे गॅरेजमध्ये बुश बदलला. खराब निघाला तो उजवा. हे मी नानांना कधी सांगितलं नाही.

योगेश दुसऱ्या दिवशी त्यांना आणायला गेला आणि एकटाच परत आला. माझ्याशी तो बरेच महिने बोलला नाही. पुढे त्याची बायको एकदा वाटीभर खीर घेऊन आली, मग तो जिन्यात मान हलवायला लागला. आता बोलतो, पण जपून.

नाना गेले त्या हिवाळ्यात, अक्कांच्या नंतर थोड्याच दिवसांनी. चक्कर वगैरे काही नाही, झोपेत गेले. मी त्याआधी एकदाच भेटले होते त्यांना, दिवाळीनंतर लोणचं पोचवायला शिरपूरला गेले तेव्हा. अक्कांच्या खाटेशेजारी बसून ते लसूण सोलत होते. अंगाने भरले होते जरा. मी भाचेसुनेला विचारलं, खूप हिंडत असतील ना आता? गावभर, स्टँडवर?

ती म्हणाली, "छे हो. आल्यापासून ओट्याखाली उतरले नाहीत. आम्हीच म्हणतो, जा जरा पाय मोकळे करून या."

मी नानांकडे वळून म्हटलं, "काय हो नाना, तिकडे तर दार खटखटवून जीव नकोसा करायचात माझा. आणि इथे घरातच बसून?"

नानांनी लसणाची पाकळी ताटलीत टाकली आणि रस्त्याकडे पाहिलं. दुपारचं ऊन उंबऱ्यातून पार खाटेपर्यंत आलं होतं.

"दार उघडं शे ना, ताई," ते म्हणाले, "मंग बाहेर कसाले जावानं?"