आमच्या गल्लीतली जागृती

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर पुढचं सांगायचं धैर्य मला होणार नाही!

उत्तरेकडच्या बायबल शाळेत दोन वर्षं शिकून मी हुबळीला परतले. वाटलं होतं, आमची मंडळी जागृतीसाठी, म्हणजे सगळ्यांची मनं नव्यानं प्रभूकडे वळावीत म्हणून, तळमळत असेल. पाहते तर काय? उपासना संपते न संपते तोच चर्चच्या पायरीवर चौकशा सुरू: आज कुणाकडे मटण, कुणाकडे मासे!

मी पेटलेच. जागृतीसाठी तीन दिवसांचा उपास धरला. आणि नुसता उपास? छे! पांढरी साडी नेसले, बांगड्या उतरवल्या, केसांना तेल नाही, शेगडी बंद. वर संध्याकाळपर्यंत मौन. बसले कुठं? आतल्या खोलीत नाही हो, ओसरीवर! येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नको?

घरी मी एकटीच. आई ताईच्या बाळंतपणाला बेळगावला. अप्पा मालगाडीचे गार्ड, ते आदल्या दिवसापासून ड्यूटीवर.

सकाळीच शेजारच्या शांताक्का डोकावल्या. घराणं सांगलीकडचं, कापडाचं दुकान, मन लोण्यासारखं.

"अय्यो, हे काय गं? काय झालं?"

मौन! मी फक्त आभाळाकडे बोट केलं. म्हणजे, हे सगळं प्रभूसाठी. आणि डोळे मिटून घेतले.

शांताक्का तोंडाला पदर लावून धावतच गेल्या. मला वाटलं, भिडलं!

तासाभरात ओसरी भरली. बायका येऊन खाली बसल्या आणि रडायला लागल्या. शांताक्कांच्या यजमानांनी दुकान बंद ठेवलं. माझ्या जागी तुम्ही काय समजला असता? मी मनात म्हटलं, प्रभू, इतक्या लवकर? शाळेत तर सांगितलं होतं, जागृतीला वर्षं लागतात!

मग पिठलं-भाकरी आली. ज्या घरात माणूस जातं तिथं चूल पेटत नाही, म्हणून शेजारी आणतात ना, ते पिठलं! माझ्या डोक्यात कुठलं यायला? मला वाटलं, सैतान मोह घालतोय. मी मान हलवून नको म्हटलं.

"खाईल कशी बिचारी!" म्हणत बायका आणखीच रडल्या. शांताक्का तर दिवसभर माझा हात धरून बसल्या.

दिवस मावळताना अप्पा आले. गर्दी पाहिली, माझी पांढरी साडी पाहिली आणि पायरीवरच मटकन बसले.

"कोण गेलं? बेळगावहून तार आली काय?"

एक बाई किंचाळलीच. शांताक्का तर अप्पा खरेच आहेत का ते हात लावून बघायला निघाल्या!

मौन गेलं खड्ड्यात. "कुणी गेलं नाही, अप्पा! माझा उपास आहे!"

"उपास?" शांताक्का म्हणाल्या. "अगं, आमची एकादशी शेजारणीला कळतसुद्धा नाही. आणि तू? घरात मढं ठेवल्यासारखी काय बसलीस!"

अप्पांनी घाम पुसला. "उपास करताना तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नको, हे प्रभूनंच सांगितलंय ना, बाळ? शाळेत तेवढं पान गळालं होतं काय?"

गळालं नव्हतं हो! तोंडपाठ होतं! त्याच वचनावर बोलून बक्षीस मिळवलं होतं मी!

सगळ्या हसत हसत उठल्या. शांताक्का मात्र उठताना भिंतीला धरून उभ्या राहिल्या.

"चक्कर येणार नाही तर काय," त्यांचे यजमान म्हणाले. "पोर जेवत नाही म्हणून हिनंही सकाळपासून तोंडात काही घातलं नाही."

तेच पिठलं गरम करून मी त्यांना वाढलं आणि त्यांचं पोट भरेपर्यंत समोरून हलले नाही.

उपासाचे दोन दिवस अजून बाकी होते. सोडून द्यावा का? दुसऱ्या दिवशी सकाळी ठरवलं: सोडायचा नाही, पण कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. तोंड धुतलं, तेल चोपडलं, हातभर बांगड्या घातल्या, निळी साडी नेसले, अप्पांसाठी उप्पीट टाकलं आणि जमेल तितकं हसत दारात उभी राहिले.

शांताक्का बघतच राहिल्या. मग घरात वळून ओरडल्या, "अहो, ऐकलंत का? पोरीचं लग्न ठरलं वाटतं! दुकान उघडा, शालू काढा!"