दुसऱ्यांदा घेतलेलं रक्त

गांधीबागेतल्या ठोक दुकानात कापड मोजत मी एमएस्सी केली. त्यामुळे विभागातले सर खाणकामगारांच्या रक्ताचे नमुने आणायला माणूस शोधत आहेत हे कळलं, तेव्हा मी सरळ सौदा केला. पीएचडीला नोंदवून घ्या, सावनेरची चाळीस माणसं आणतो. सरांनी नोंदवलं.

माणसं खाणीत बाबांच्या पाळीतलीच होती. सगळ्यांत आधी बाबांच्या जोडीदार काकांनी बाही वर केली.

"रिपोर्ट देशीन ना गा?"

"देतो ना, काका."

वैयक्तिक निकाल सांगितला जाणार नाही, असं संमतिपत्रात छापलं होतं. ती ओळ मी भरभर वाचून दाखवली.

प्रयोगशाळेत पेशींना मुद्दाम इजा करायची, मग त्यांतून वीज सोडायची. तुटलेला डीएनए मागे ओढला जातो आणि भिंगाखाली शेपूट दिसते. तासाभराने त्याच रक्तातल्या पेशी पुन्हा पाहायच्या. शेपूट आखडली तर पेशीने दुरुस्ती केली. काकांची शेपूट होती तेवढीच राहिली.

"चाळिसात एक. वगळून टाक," सर म्हणाले.

मी टेबलावर हात आपटला. ही दुरुस्ती का होत नाही, हाच माझा विषय, म्हणालो.

"मग ताजं रक्त आण. पुन्हा तसंच आलं तर विषय तुझा. आणि एवढ्यावरून कुणाच्या रोगाचं भाकीत करायचं नाही."

शेवटचं वाक्य बरोबर होतं, म्हणून मला जास्तच राग आला.

काका ओसरीवर बसले होते. मी सुई काढली, तशी त्यांनी बाही खाली ओढली.

"पह्यले मागचं सांग. काहून लपवून राहिला?"

खरं सांगितलं असतं, तर तो हात पुन्हा पुढे आला नसता. गिऱ्हाईक पायरी उतरायला लागलं की काय बोलायचं, ते मला दुकानाने शिकवलं होतं.

"सगळं नॉर्मल हाये, काका. म्हणून तं सरनं पुन्हा तुमचंच मांगलं."

"पाह्यलं?" काकू आतून म्हणाल्या. "उगाच झुरून राहिले होते."

निकाल पुन्हा तसाच आला. विषय मला मिळाला. शोधनिबंधावर पहिलं नाव मात्र सरांनी स्वतःचं लावलं. त्यावरून मी अजून भांडतो, आणि भांडत राहीन. काकांकडे परत गेलेलो नाही.

त्या दिवशी नळी भरली, तरी त्यांनी हात तसाच पुढे ठेवला होता.

"आखीन पाह्यजे असन तं घे," ते म्हणाले. "आता कायचं भेव."