शाम लिहिलेले पिंजरे

माझे भालचंद्रमामा घरात 'शाम' हा हिंदी शब्द चुकूनही उच्चारत नाहीत. आजोबा सरकारी कचेरीबरोबर नागपूरहून भोपाळला आले, मामा इथेच जन्मले, तरी घरात संध्याकाळ ती संध्याकाळच. ऑफिसात मात्र सगळं आयुष्य हिंदीत गेलं. तिथेही मराठीतच विचार करायचा हट्ट धरला असता तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला अजून वाटतं आणि मामांचा रागही येतो.

एका संशोधन संस्थेत ते प्रयोगाचे पांढरे उंदीर सांभाळायचे. "माझा वाढदिवस विसरतील, पण कुठल्या उंदराने काल दाणे तसेच टाकले ते पाठ," असं प्रमिलामामी म्हणायची. उंदरांना पोहायला लावणं हे मामांचं खास काम. गोल टाकीतलं पाणी दुधाच्या पावडरीने पांढरं करायचं आणि त्यात बोटभर खोल एक छोटा पाट लपवायचा. उंदीर पोहत पोहत पाट शोधतो, भिंतीवरच्या खुणा लक्षात ठेवतो आणि चार-पाच दिवसांत कुठूनही सोडला तरी सरळ पाटावर जाऊन बसतो.

वसुधा मॅडम पुण्याहून डॉक्टरेटसाठी आल्या. मोबाइलच्या टॉवरमधून निघतात तशा मायक्रोवेव्ह किरणांनी प्राण्यांचं शिकणं आणि आठवणं बिघडतं का, हे त्यांना बघायचं होतं. पिंजऱ्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि मॅडमना डेंग्यू झाला. महिनाभर सगळं मामांवर आलं. रोज दोन तास उंदरांना किरणांच्या पेटीत ठेवायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं. अर्ध्या पिंजऱ्यांवर एस, एच, ए, एम अशी चार इंग्रजी अक्षरं होती. भोपाळात मोबाइलवर 'शाम को आना' लिहिताना लोक हीच चार अक्षरं लिहितात. मामा समजले, हे संध्याकाळचे. बाकीच्यांना सकाळी आणि यांना संध्याकाळी, दोन्ही वेळा मशीन चालू. एक दिवस खाडा केला नाही.

मॅडम परतल्यावर टाकीची परीक्षा झाली. आठवा दिवस आला तरी एकालाही पाट सापडेना.

"काठाकाठानं नुसते फिरून राहिले होते," मामा सांगतात. "माझ्याजवळून जाताना वर बघायचे. मला वाटलं, ही खेपच ढ आहे."

मग नियमाप्रमाणे सगळे उंदीर मारले गेले. दोन गटांत काही फरक नाही, म्हणजे किरणांचा परिणाम नाही, असा अहवाल झाला. मॅडमना पदवी मिळाली, पेढे आले. पेढे वाटतानाच मॅडम एका नव्या विद्यार्थिनीला समजावत होत्या, "चिठ्ठीवरचं शॅम म्हणजे नुसता देखावा. पेटीत तसंच ठेवायचं, पण मशीन बंद. तुलनेसाठी."

मामांच्या हातात पेढा होता. त्यांनी तो खाल्ला आणि रिकामे पिंजरे धुवायला गेले.

त्याला सहा वर्षं झाली. मामा निवृत्त झाले, अशोका गार्डनच्या घरात बसून असतात. मामी तांदूळ धुवायला लागली की स्वयंपाकघरातून उठून जातात. त्या पांढऱ्या पाण्यात त्यांना काहीतरी गोल फिरताना दिसतं. संध्याकाळ झाली की दोन तास कुणाशी बोलत नाहीत. मला आधी हे म्हातारपणाचं नाटक वाटायचं. आता त्या वेळी त्यांच्या खोलीत जायची मलाच भीती वाटते.

गेल्या महिन्यात शेजारच्या शाळेच्या गच्चीवर मोबाइलचा टॉवर उभारायची बैठक झाली. टॉवरवाल्याने एका अहवालाचा कागद फडकवला, "भोपाल में ही प्रयोग हुआ है, कुछ नहीं होता." वर मॅडमचं नाव होतं. मामा बैठकीतून तडक घरी आले.

"पल्लवी, गाडी काढ. मॅडमना सांगायचंच आहे. त्यांना तो कागद मागे घ्यायला लावतो."

मॅडम हबीबगंजजवळ राहतात. मामांनी चपला काढल्या आणि बसायच्या आधीच बोलून टाकलं, "मॅडम, शाम म्हणजे मी संध्याकाळ समजलो. मशीन चालू होतं."

मॅडमनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फरशीकडे.

"मला माहीत होतं, खानझोडेजी. मशीनवरच्या मीटरमध्ये तास दुप्पट होते. परत आले त्याच दिवशी पाहिलं."

"मग?"

"पुन्हा सगळं करायला दोन वर्षं गेली असती. आणि तुमची नोकरीही गेली असती. आता ते उकरून काय होणार? घरी जा."

मला वाटलं मामा चिडतील. ते चिडले नाहीत. ते चपला घालायला वाकले. सहा वर्षं त्यांनी स्वतःला एकट्याला गुन्हेगार मानलं होतं. निदान मॅडमना कळलं असतं तर त्यांनी न्याय केला असता, एवढाच त्यांचा आधार होता.

परतताना स्कूटरवर मागून त्यांचा आवाज आला, "मला वाटायचं, त्या उंदरायचं ऐकणारा मी एकटाच होतो आन् मीच चुकलो. पण दोघं होतो ना गं आम्ही. दोघांनाही ठाऊक होतं."

घरी मामी तांदूळ धूत होती. मामा त्या दिवशी उठून गेले नाहीत. पातेल्याजवळ बसले आणि पांढऱ्या पाण्यात बोट घालून टाकीतला तो पाट चाचपू लागले.