चौथा बुधाजी

गव्हाणला माझ्या भिंतीला भिंत लावून सोनाबाई राहते. ती धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात मांडवात बसून धवले गाते. आधी देवांना बोलावते, मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन, आणि त्यानंतर जित्यांची पाळी. हा क्रम चुकला की म्हातारी माणसं खवळतात.

गावातल्याच बुधाजीनं थोरल्या मुलाच्या, कल्पेशच्या हळदीला तिच्या हातातला माइक काढून घेतला. "आवर गो म्हातारे, डीजे खोलंबलाय," म्हणाला, आणि सगळा मांडव हसला. त्याच्याच बापजाद्यांची नावं अर्धी राहिली. सोनाबाई मानाचा नारळ न घेता उठली. तिच्या जागी मी असते तर तो माइक त्याच्या टाळक्यात घातला असता. तिनं त्याहून वाईट ठरवलं.

बुधाजीला धाकटी मुलगी होती, समृद्धी. तिच्या लग्नात गायचं आणि भर मांडवात, व्याह्यांच्या देखत, बुधाजीचं नाव गेलेल्यांच्या रांगेत घ्यायचं. जित्या माणसाला मेलेल्यांत नेऊन बसवायचं. ऐकून माझ्या अंगावर काटा आला. खरं सांगते, बरंही वाटलं.

तेव्हापासून रोज सकाळी गॅसवर चहा चढला की भिंतीपलीकडून तीच ओळ यायची. बुधाजीचा आजा, बाप, चुलता आणि चौथा बुधाजी. सोनाबाईला दमा. पनवेलच्या डॉक्टरनं गाणं बंद करायला सांगितलं, तिनं डॉक्टर बंद केला. लेक उलव्याला राहायला बोलवायची, ही जाईना. मधल्या काळात नवरा गेला, गुडघे गेले, पण ओळ गेली नाही. खाऊनपिऊन नाही, बुधाजीवर जगत होती ती.

आणि समृद्धीचं लग्न ठरलं नि बुधाजी मेला. तोही झोपेत, काही न भोगता. सोनाबाईनं त्या दिवशी संतापानं चूल पेटवली नाही. आता रांगेत नाव घेतलं तर त्याचा मानच होणार होता. मी म्हटलं, "वहिनी, सोड आता."

"सोडला तं माज्याकं ऱ्हातंय काय?" ती म्हणाली.

पुढं बुधाजीची बायको विनिता बोलावणं घेऊन आली. दारातच उभी राहिली बिचारी. बाबांना धवल्यातून बोलवावं एवढंच पोरीचं मागणं आहे, म्हणाली. सोनाबाईनं लगेच हो म्हटलं. विनिता गेल्यावर मला सांगितलं, नाव घेणारच नाही. सगळे गेलेले लेकीच्या मांडवात येतील, हा एकटा बाहेर ताटकळेल. मी म्हटलं, शाब्बास.

मांडवाच्या दिवशी मी मुद्दाम तिच्या शेजारी बसले. देव झाले. आजा आला, बाप आला, चुलता आला. इथं थांबायचं होतं. पण तोंडाला रोजचं वळण. चुलत्यापाठोपाठ बुधाजी आपसूक बाहेर पडला, स्वच्छ, सुरात, जराही धाप न लागता. इतकं गोड नाव तिनं कुणाचंच घेतलं नव्हतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. समृद्धीनं तिच्या मांडीवर डोकं टेकलं नि म्हणाली, "आजी, बाबा आले." सोनाबाईनं पुढचे धवले नीट पुरे केले आणि या वेळी नारळ घेतला.

घरी आल्यावर तो नारळ तिनं ओट्यावर आपटला. मेल्यानं मरूनसुद्धा माझ्याच तोंडून मान घेतला, म्हणाली, आणि त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. चला, सुटली एकदाची, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडं भांडं वाजलं, पण ओळ काही आली नाही. मी जाऊन पाहिलं तर चहा उतू चाललेला आणि ही समोर पाटावर बसलेली. मी गॅस बंद केला.

"आता सकाली उठू कशाला गो?" तिनं विचारलं.