गरम इंजिनाला हात

गॅरेजमध्ये गाडी आली की मिस्त्री आधी बॉनेट उघडायचा आणि मग निवांत चहा प्यायला बसायचा. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, “दमानं घ्या” हे त्याचं ठरलेलं उत्तर. त्यावरून लोक त्याला दमानेच म्हणू लागले आणि नव्या माणसांना ते त्याचं आडनाव वाटे. तरुणपणी तापल्या रेडिएटरचं झाकण उघडून त्याने गळा भाजून घेतला होता. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. हा तर जन्मभर फुंकतच राहिला. इंजिनावर तळहात टेकवता आला की मगच पाना हातात घ्यायचा.

त्याची मुलगी टॅक्सी चालवायची. तिची तक्रार एकच. लांबून आल्यावर गाडी बंद केली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू केली, की ती मिसिंग करते, गचके देते, कधी मरूनच पडते. सकाळी थंड असताना काही नाही. तिने तीन वेळा गाडी बापाकडे आणली. त्याने बॉनेट उघडलं, चहा घेतला, किल्ली फिरवली आणि गाडी शहाण्या मुलासारखी चालली.

“गाडीत काही नाही,” तिसऱ्या वेळी तो चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला. “तुझा पाय जड आहे. नाचता येईना, अंगण वाकडं.”

जिचं पोट गाडीवर, तिला असं बोलू नये. मुलीने गॅरेजची पायरी चढणं सोडलं आणि हळूहळू घरी येणंही. मिस्त्रीच्या जिवाला ते फार लागलं होतं, कबूल मात्र करेना. शेवटी बायकोनेच त्याला एका दुपारी मुलीच्या शेजारच्या सीटवर नेऊन बसवलं. “एकदा बसून बघा,” ती म्हणाली. “नाहीतर हेक्यापायी पोर गमवाल.”

लांबचं भाडं सोडून परतताना एका शिंप्याचा फोन आला. हे तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. “ताई, हिला कळा सुरू झाल्यात. अॅम्ब्युलन्सला तास लागेल म्हणतात. येता का?”

तिने गाडी तशीच वळवली. शिंप्याच्या इमारतीखाली थांबून ती उतरली आणि खिडकीतून वाकून म्हणाली, “बाबा, गाडी बंद करू नका.”

ती जिना चढून गेली. मिस्त्री एकटाच बसून राहिला. रिकाम्या सीटसमोर इंजिन नुसतं धडधडतंय हे त्याला बघवेना. त्यापायी त्याने किती ड्रायव्हरांना फैलावर घेतलं होतं. शिवाय मनात दुसरंही होतं. आता कळेलच, दोष पायाचा की गाडीचा. त्याने हात लांबवून किल्ली फिरवली.

शिंप्याची बायको पायरीपायरीवर थांबत खाली येईपर्यंत बराच वेळ गेला. ती मागे बसली, नवरा शेजारी. मुलीने बंद इंजिन पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि किल्ली फिरवली. इंजिन अडखळत सुरू झालं, गाडी थरथरली, एक गचका देऊन बंद पडली. पुन्हा तेच. मागून कण्हण्याचा आवाज आला.

मुलीचा पाय त्याच्या डोळ्यांसमोर होता. पेडलवर तो इतका हलका होता की त्याचाही नसता.

तो उतरला, बॉनेट उघडलं आणि सवयीने हात मागे घेतला. आता थांबायचं. मग त्याच्या ध्यानात आलं. उघडं बॉनेट आणि चहा. दर वेळी दोष तो आपल्याच हाताने थंड करत होता आणि मग शोधत होता. आणि इथे थांबायला वेळ कुणाकडे होता?

“चालू कर. रेस धरून ठेव,” तो म्हणाला.

“बाबा, तापलंय ते.”

“धर म्हणतो ना.”

इंजिन लंगडत चालू राहिलं. त्याने आत हात घातला. चार सिलेंडर, प्रत्येकावर ठिणगी देणारी एकेक कॉइल. पहिलीची वायर काढली, इंजिन आणखी ढेपाळलं. म्हणजे ती धड आहे. लावली. दुसरीचंही तसंच. बोटांची आग होत होती. तिसरीची वायर काढली आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. जी कामच करत नव्हती ती काढल्याने काय बिघडणार?

“बंद कर. शिंपीदादा, इस्त्रीला घेता ते फडकं भिजवून आणा. पळा.”

तिसऱ्या कॉइलची वायर परत लावून त्याने तिच्यावर ओलं फडकं दाबून धरलं. वाफ निघाली. मनगट तापल्या लोखंडाला टेकलं तरी हात काढला नाही. मागे ती बाई दात आवळून श्वास मोजत होती आणि मिस्त्रीला वाटलं, हिचं काही वाकडं झालं तर ही किल्ली मी फिरवली होती.

“आता,” तो म्हणाला.

इंजिन एकदा अडखळलं आणि मग चारही सिलेंडर एका सुरात लागले. त्याने फडकं काढून वायर चाचपली, बॉनेट लावलं आणि सीटवर येऊन बसला.

“रस्त्यात पुन्हा बंद पडणार नाही ना?” मागून त्या बाईने विचारलं.

“चालू आहे तोवर वारा लागतो, पडायची नाही. आणि पडलीच, तर माझ्यामुळे. ही चांगली चालवते.”

मुलीची नजर रस्त्यावरच होती. फक्त गिअर टाकताना तिने त्याच्या हाताकडे पाहिलं. मनगटावर मोठा फोड आला होता.

हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर आलं. मुलगी त्या दोघांबरोबर आत गेली. जाताना गाडीबद्दल तिने बापाला काहीच सांगितलं नाही. मिस्त्री भाजलेला हात मांडीवर घेऊन बसला होता. समोर रिकामी सीट, इंजिन चालू, किल्ली हाताच्या अंतरावर.

बऱ्याच वेळाने ती मलमाची ट्यूब घेऊन परतली.

“वेळेवर पोचलो म्हणाले डॉक्टर,” ती म्हणाली. मग किल्लीकडे पाहून तिने विचारलं, “बंद नाही केलीत?”

“गाडी तुझी आहे,” तो म्हणाला. “तू सांगशील तेव्हा.”