घरचं रक्त

मंडळी, आज सकाळी बारामतीच्या रक्तपेढीत एकजण चिडला होता. "वहिनीला द्यायचंय, घरचंच रक्त हाय, तपासताय कशाला?"

नव्वदच्या दशकात हेच मी बोललो होतो.

बायकोचं बाळंतपण अवघड झालं, तेव्हा धाकटा भाऊ दत्तू रक्त द्यायला कळंबहून धावत आला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी तपासून घेऊ." मी उखडलो, "सख्ख्या भावावर संशय घेता व्हय?" हट्टानं तसंच चढवायला लावलं.

तेव्हा ती वाचली. पुढं काही वर्षांनी रक्तातनं पसरणाऱ्या काविळीच्या विषाणूनं गेली. तोच विषाणू दत्तूच्या रक्तात निघाला.

दत्तू अजून वहिनीच्या फोटोकडं बघत नाही. डॉक्टर तपासायला तयार होते, हे त्याला माहीतच नाही. आता कोणत्या तोंडानं सांगू?